दोन नकाशे, एक इमारत : वास्तुरचना आणि संरचना यांच्या समन्वयाचा इतिहास व राजुरा परिसर

सारांश

इमारतीच्या आखणीत वास्तुविशारदाचे मॉडेल आणि संरचना अभियंत्याचे मॉडेल संगणकावर एकमेकांशी जुळवून पाहण्याची पद्धत गेल्या पंचवीस वर्षांत रूढ झाली. या समन्वयाची गरज मात्र संगणकापेक्षा जुनी आहे. प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्याने भिंत आणि भार यांची फारकत केली, तेथे तिचे मूळ सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मार्कंडा, वर्धा नदीचे दोन काठ, मुंबईतील कांचनजंगा, नागपूर मेट्रो आणि घुग्घुस या उदाहरणांच्या आधारे समन्वयाच्या तीन अटी येथे मांडल्या आहेत.

बीजशब्द : वास्तुरचना, संरचना, खण, मूळबिंदू, संगणकीय मॉडेल, राजुरा, नागपूर मेट्रो.

प्रस्तावना

कोणत्याही आधुनिक इमारतीचे किमान दोन नकाशे असतात. वास्तुविशारदाच्या नकाशात खोल्या, दारे, जिने, उजेड व वारा यांचा विचार असतो. संरचना अभियंत्याच्या नकाशात पाया, खांब, तुळया, स्लॅब आणि त्यांतील सळयांचा. इमारत मात्र एकच उभी राहते. दोन नकाशांत एखाद्या खांबाची जागा चार इंचांनी वेगळी असेल, तर त्या चार इंचांचा निर्णय कुणीतरी, कुठेतरी घ्यावाच लागतो. तो कार्यालयात झाला नाही तर बांधकामावर होतो, आणि तेथे तो बहुधा मिस्त्री घेतो.

या प्रश्नावरील लेखन मुख्यतः तंत्रज्ञांनी केलेले आहे. इतिहासाच्या अंगाने त्याकडे पाहिल्यास काही वेगळ्या बाबी हाती लागतात. राजुरा परिसर त्यासाठी उपयुक्त आहे. हा तालुका दीर्घकाळ दोन राजवटींच्या सीमेवर होता. चुनखडीच्या साठ्यांमुळे तो सिमेंटच्या पट्ट्यात आला. आणि त्याच्या भूमीखाली कोळसा आहे. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) वास्तुरचना व संरचना वेगळ्या कशा झाल्या, हे पाहणे; (२) संगणक प्रणालींनी त्यांना जोडण्याचा प्रयत्न कसा केला, याचा आढावा घेणे; (३) तालुक्याच्या गावांच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासणे.

१. एका मापाखालील बांधकाम

मयमत, मानसार यांसारख्या शिल्पशास्त्रीय ग्रंथांत बांधकाम करणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपती योजना करी, सूत्रग्राही सूत धरून मापे आखी, तक्षक दगड व लाकूड घडवी आणि वर्धकी ते जोडी. म्हणजे जुन्या काळी सर्व काम एकच माणूस करीत असे, ही समजूत बरोबर नाही. श्रमविभागणी तेव्हाही होती. परंतु चौघांचे माप एक होते आणि अंतिम शब्द स्थपतीचा होता. शिवाय दगडी देवळात जो खांब कोरलेला, तोच भार वाहणारा. रूप व आधार यांचे दोन हिशेब तेथे संभवत नव्हते.

हे ऐक्य तुटले की काय होते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे पाहावयास मिळते. वैनगंगेच्या काठच्या या मंदिरसमूहातील मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकातील मध्य प्रांताच्या दौऱ्यानंतर या समूहाचे सविस्तर वर्णन केले. गोंड राजवटीत झालेली मंडपाची दुरुस्ती मूळ कामापासून वेगळी ओळखू येते. छत पेलणे हा तिचा हेतू होता. मूळ मंडपाची प्रमाणबद्धता राखणे हा नव्हता. संरचनेचा विचार वास्तुरचनेपासून सुटा झाल्याचे ते या परिसरातील एक जुने उदाहरण मानता येईल.

सामान्य घरांत हे ऐक्य अधिक साधेपणाने नांदत होते. सागवानी खांबांच्या घरात छपराचा भार लाकडी सांगाडा वाही आणि मातीची किंवा कुडाची भिंत मधली जागा भरून काढी. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचे मोजमापही खणांतच होई : दुखणी, तीनखणी, पाचखणी. या एका शब्दात राहण्याची जागा आणि भाराची मांडणी दोन्ही सामावलेल्या होत्या. सुताराने खांब रोवले की घराचा नकाशा ठरला. आज संगणकावर ज्याला ग्रिड म्हणतात, त्याचे काम मराठी घरात खणाने केले.

२. मूळबिंदू : वर्धेचे दोन काठ

दोन नकाशे जुळवायचे तर दोन्ही एकाच बिंदूपासून मोजलेले असावे लागतात. हा धडा भारतीय उपखंडात इमारतींच्या आधी भूमापनाने शिकवला. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. हे काम उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला. तेथेच त्यांची कबर आहे. निजामाचा मुलूख आणि नागपूरकर भोसल्यांचा मुलूख यांची राज्ये वेगळी असली, तरी त्यांतील टेकड्या एकाच त्रिकोणांच्या जाळ्यात बांधल्या गेल्या. स्थानिक नकाशे कितीही काळजीपूर्वक केलेले असोत, मूळबिंदू समान नसेल तर ते एकमेकांवर ठेवता येत नाहीत, हे या कामाचे सूत्र होते.

राजुऱ्याला या सूत्राचा व्यावहारिक अर्थ कळण्यास फार काळ लागला. वर्धा नदीच्या एका काठावर बल्लारपूर व चांदा हे १८५४ नंतर इंग्रजी अमलाखाली आले आणि पुढे मध्य प्रांतात समाविष्ट झाले. दुसऱ्या काठावरील राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. नदीच्या दोन काठांवरील महसूल, चलन व बांधकाम खाती अनेक पिढ्या वेगळी राहिली.

१९५६ हेच वर्ष दशमान वजनमापांच्या कायद्याचे आहे. तरीही आज बांधकामावर ‘नऊ इंची भिंत’ आणि ‘चार सुती सळई’ हे शब्द चालतात, तर अभियंत्याच्या नकाशात २३० मिलिमीटर आणि १२ मिलिमीटर लिहिलेले असते. एका मापातून दुसऱ्या मापात जाताना राहणारा फरक लहान असतो. परंतु तो प्रत्येक खणाला वाढत गेला की शेवटच्या खांबापाशी डोळ्यांना दिसू लागतो.

३. सिमेंट, सळई आणि फारकत

प्रबलित काँक्रीटने खणाचे राज्य संपवले. भार खांब व तुळयांनी वाहायचा आणि भिंत हवी तेथे उभी करायची, अशी मुभा मिळाली. खांब भिंतीत लपवता येऊ लागला. वरच्या मजल्याची खोली खालच्या खोलीवर असण्याचे बंधन उरले नाही. १९८० च्या दशकात आवारपूर व गडचांदूर येथील सिमेंट उद्योगाने या भागाचे रूप पालटले आणि तालुक्याच्या गावी काँक्रीटचे घर प्रतिष्ठेचे झाले.

या मोकळिकीची किंमत दोन व्यवसायांच्या रूपाने मोजावी लागली. १८५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता हाच बहुधा वास्तुरचनाकारही असे. मुंबईत वास्तुविशारदांचा व्यवसाय संघटित होत गेला आणि १९२९ मध्ये त्यांच्या संघटनेला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव मिळाले. १९७२ मध्ये वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी केंद्रीय कायदा झाला. संरचना अभियंत्यांसाठी तसा कायदा त्या वेळी झाला नाही. एकाच इमारतीवर काम करणाऱ्या दोन व्यावसायिकांचे कायदेशीर स्थान असे असमान राहिले.

दोघांचे मन जुळले तर काय घडते, याचा नमुना म्हणजे मुंबईच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा ही इमारत (१९७०–८३). वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ३२ सदनिकांच्या या सुमारे ८४ मीटर उंच मनोऱ्याच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. समुद्राचा वारा आत यावा आणि पाऊस व ऊन बाहेर राहावे, ही त्यामागील कल्पना. परंतु सामान्य इमारतीत कोपरा ही खांबाची जागा असते. ती रिकामी करायची तर भार मध्यवर्ती गाभ्याकडे न्यावा लागतो आणि गच्च्या तेथून बाहेर झेपावाव्या लागतात. संरचना अभियंता शिरीष पटेल यांच्या सहभागाशिवाय ही कल्पना कागदावरच राहिली असती. कोरिया, पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्ये नव्या मुंबईची कल्पनाही एकत्र मांडली होती. येथे दोन नकाशे जुळले ते दीर्घ परिचयामुळे व समोरासमोरच्या चर्चेमुळे.

असा परिचय नसेल, किंवा बदल घाईत मान्य झाला, तर परिणाम वेगळा होतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १७ जुलै १९८१ रोजी हॉटेलातील झुलते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ कल्पनेत दोन्ही पूल एकाच अखंड सळईला टांगलेले होते. कारखान्याच्या नकाशात तिच्या दोन सळया झाल्या आणि खालच्या पुलाचा भार वरच्या पुलाच्या तुळईवर आला; तेथील जोडावरील ताण दुप्पट झाला. नकाशावर हा बदल क्षुल्लक दिसत होता. भाराच्या दृष्टीने तो फेरतपासला गेला नाही.

४. संगणकाच्या पडद्यावर

१९६३ मध्ये इव्हान सदरलँड यांनी स्केचपॅड ही प्रणाली सादर केली आणि पडद्यावर रेषा काढणे शक्य झाले. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले. त्याने ड्रॉइंग बोर्डाची जागा घेतली, पण समन्वयाच्या प्रश्नात मूलभूत फरक पडला नाही. कागदावरील रेषा पडद्यावर आली इतकेच. संगणकातील दोन समांतर रेषा भिंत दर्शवतात, हे पाहणाऱ्याला कळे. संगणकाला कळत नसे.

वेगळा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडला होता. नकाशांऐवजी इमारतीचे एकच वर्णन संगणकात साठवावे आणि हवे ते नकाशे त्यातून काढावेत, असे त्यांचे सूत्र होते. १९८० च्या दशकात हंगेरीत विकसित झालेल्या आर्किकॅडने ही कल्पना वास्तुविशारदांच्या टेबलावर आणली. २००० मध्ये रेविट बाजारात आले. २००२ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीने घेतले आणि २००५ मध्ये संरचनेसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली. वास्तुरचना, संरचना आणि सेवा-सुविधा या तीन वेगळ्या आवृत्त्या २०१३ च्या आवृत्तीत एकत्र झाल्या. दरम्यान निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींना परस्परांची मॉडेल्स वाचता यावीत म्हणून आयएफसी हा खुला आराखडा १९९७ मध्ये सिद्ध झाला आणि २०१३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

तरीही मॉडेल एक झाले नाही, आणि त्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. दोन्ही व्यवसाय एकाच वस्तूकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. २३० मिलिमीटर जाडीची व तीन मीटर उंचीची विटांची भिंत वास्तुविशारदाला दोन खोल्या वेगळ्या करणारी वस्तू वाटते. अभियंत्याच्या गणितात तिला जाडी नसते. तुळईच्या प्रत्येक मीटरवर येणारा सुमारे १४ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १.४ टन भार, एवढेच तिचे अस्तित्व. खांब हा एकाला प्लॅस्टरसहित आकार, तर दुसऱ्याला दोन बिंदूंना जोडणारी रेषा. जमिनीची पातळीसुद्धा वेगळी : वास्तुविशारद फरशीच्या पृष्ठभागापासून मोजतो, अभियंता फरशीखालील काँक्रीटच्या पृष्ठभागापासून. म्हणून मॉडेल्स दोन ठेवून त्यांना परस्परांशी बांधणे हाच व्यवहार्य मार्ग ठरला.

या बांधणीची पद्धत पाहण्यासारखी आहे. अभियंता वास्तुविशारदाचे मॉडेल आपल्या मॉडेलला जोडतो. दोहोंचा मूळबिंदू समान ठेवतो. ग्रिड, पातळ्या, खांब, भिंती व स्लॅब यांची आपल्याकडे प्रत घेतो आणि मूळ वस्तूवर पाळत ठेवण्यास प्रणालीला सांगतो. पुढे वास्तुविशारदाने खांब सरकवला की अभियंत्याला सूचना मिळते. रेविटमध्ये तेव्हा त्याच्यापुढे चार पर्याय असतात : निर्णय लांबणीवर टाकणे, बदल नाकारणे, फरक मान्य करून तसाच राहू देणे किंवा आपले मॉडेल बदलणे. टक्कर तपासणाऱ्या प्रणाली याही पुढे जाऊन तुळईतून जाणारा पाण्याचा नळ किंवा जिन्यावर डोक्याला लागणारी तुळई शोधून काढतात.

या चार पर्यायांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. प्रणाली मतभेद दाखवते आणि त्याची नोंद ठेवते. कोणता पर्याय योग्य, हे ती सांगत नाही. स्थपतीचा अंतिम शब्द कोणाकडे गेला, हा प्रश्न पडद्यावरही शिल्लकच आहे.

५. नागपूरचा अनुभव

विदर्भात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो नागपूर मेट्रोच्या निमित्ताने. २१ ऑगस्ट २०१४ रोजी प्रकल्पाची पायाभरणी झाली, ७ मार्च २०१९ रोजी खापरी ते सीताबर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्यातील उर्वरित मार्गांचे उद्घाटन झाले. सुमारे ३८ किलोमीटरच्या या प्रकल्पात ‘फाइव्ह-डी’ पद्धत अवलंबण्यात आली. लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला वेळ आणि खर्च ही दोन परिमाणे मॉडेलमधील घटकांना जोडलेली होती. एखादा खांब केव्हा उभा राहणार आणि त्याचे देयक किती, हे त्यामुळे त्या खांबाच्या आकाराशी बांधले गेले.

वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरचा दुमजली उन्नत मार्ग हे यातील बोलके उदाहरण होय. खाली मूळ रस्ता, मधल्या मजल्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो, अशी ही रचना आहे. छत्रपती नगर, जयप्रकाश नगर व उज्ज्वल नगर ही स्थानके त्याच मार्गावर येतात. दोन संस्थांनी एकमेकांशेजारी दोन स्वतंत्र पूल उभारण्याऐवजी एकच खांब दोघांनी वापरावा, असा निर्णय झाला. २०२२ मध्ये या मार्गाची गिनीज विक्रमांत नोंद झाली. विक्रमापेक्षा त्यामागील व्यवस्था अधिक महत्त्वाची आहे. सामायिक खांबावर पुलाची रुंदी, मेट्रोची उंची आणि स्थानकाचा विस्तार यांपैकी काहीही बदलले, तरी उरलेल्या सर्वांचा हिशेब बदलतो. अशा ठिकाणी खांबावर कोणाचा अधिकार, बदल कोण मान्य करणार आणि किती वेळात, हे आधी ठरवावे लागते. मॉडेलचा उपयोग या करारानंतर सुरू होतो.

६. तालुक्याच्या गावातील प्रश्न

राजुरा, कोरपना, गडचांदूर येथील सामान्य घरांना एवढी मोठी यंत्रणा परवडणार नाही आणि तिची आवश्यकताही नाही. प्रश्न अधिक प्राथमिक आहे. लहान गावांत अनेकदा एक नकाशा मंजुरीसाठी तयार होतो आणि घर दुसऱ्याच मांडणीने उभे राहते. संरचनेचा स्वतंत्र नकाशा नसला तर खांबांची जागा, सळयांची संख्या व पायाची खोली मिस्त्रीच्या अनुभवावर ठरते. हा अनुभव मोलाचा असतो. परंतु तो एका मजल्याच्या घरांतून आलेला असतो आणि नंतर त्यावर दुसरा व तिसरा मजला चढतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात आकसणारी माती ही अडचण वाढवते.

या परिसरात दोन नकाशांच्या जोडीला तिसराही आहे : खाणीचा. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर तालुक्यातील घुग्घुस येथे अमराई वॉर्डातील एक घर अचानक जमिनीत खोलवर गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने प्राणहानी टळली. जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीशी या घटनेचा संबंध जोडला गेला आणि लगतच्या कुटुंबांना हलवावे लागले. या घटनेतून एक गोष्ट उघड झाली. कुठल्या वस्तीखाली कोणती जुनी खाण गेली आहे, हे खाणीचा नकाशा आणि वस्तीचा नकाशा एकाच मूळबिंदूवरून एकमेकांवर ठेवल्याखेरीज समजत नाही. येथे चुकण्याची किंमत भिंतीच्या चिरेने मोजता येत नाही. राजुरा तालुक्यात सास्ती परिसर कोळसा खाणींचा आहे. म्हणून हा प्रश्न केवळ घुग्घुसपुरता समजणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष

१. वास्तुरचना व संरचना यांची फारकत काँक्रीटच्या सांगाड्यामुळे झाली. खण या एककात जे एकत्र होते, ते दोन व्यवसायांत विभागले गेले. संगणकीय समन्वय हा या फारकतीवरील उपाय आहे.

२. समन्वयाची पहिली अट समान मूळबिंदू व समान माप ही आहे. लॅम्बटन यांच्या त्रिकोणांपासून आजच्या जोडलेल्या मॉडेलपर्यंत ती कायम राहिली आहे.

३. दुसरी अट जबाबदारीची स्पष्ट वाटणी ही आहे. कांचनजंगा आणि कॅन्सस सिटी ही तिची दोन टोके होत.

४. तिसरी अट बदलाची नोंद व वेळेवर निर्णय ही आहे. नागपूर मेट्रोच्या सामायिक खांबावरून ती दिसून येते.

समारोप

वरील तीन अटी पाळण्यासाठी महाग प्रणाली असावीच लागते असे नाही. नगरपरिषदेने मंजुरीच्या नकाशाबरोबर खांबांचा सेंटर लाईन नकाशा मागवून तो बांधकामाच्या लाईनआउटशी ताडून पाहिला, तरी दोन नकाशे एका जागी येतील. महाविद्यालयांनाही येथे काम आहे. भूगोल, इतिहास व भूशास्त्र या विभागांनी मिळून जुने खाण-नकाशे, निजामकालीन व मध्य प्रांतातील भूमापन नकाशे आणि आजच्या वस्त्यांचे नकाशे जमवून ते एकाच मूळबिंदूवर मांडण्याचा प्रकल्प हाती घ्यावा. आरंभ सास्ती परिसरातील एखाद्या गावापासून करता येईल. तयार झालेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला जावा, म्हणजे घर बांधू इच्छिणाऱ्याला पाया खोदण्यापूर्वी तो पाहता येईल.